साठ योजनांवरचे दाजीकाका

नागपूर ठाण्यापासून किती लांब आहे, असं त्या सोमवारपूर्वी मला कोणी विचारलं असतं, तर मी छातीठोकपणे सांगितलं असतं की पुष्कळ लांब आहे. मी ठाण्याच्या शाळेत भूगोल शिकवतो. नद्या, पर्वत, मुख्य पिके आणि राजधानीचे शहर यांबद्दल मला कोणीही, केव्हाही विचारावं. अंतराबद्दल मात्र आजवर कोणी विचारलं नव्हतं. ज्याला नागपूरला जायचं असतं तो तिकीट काढतो, आणि ज्याला जायचं नसतं त्याला अंतराशी काही कर्तव्य नसतं. मलाही नागपूरला जायचं नव्हतं. मला ते फक्त लांब असायला हवं होतं.

झालं असं की माझा धाकटा भाऊ मधु याचं लग्न बुधवारी कल्याणला होतं. मधूचं लग्न याआधी दोनदा जमून मोडलं होतं. पहिल्या वेळी मुलीच्या आजोबांना त्याच्या पत्रिकेतला मंगळ दिसला आणि दुसऱ्या वेळी मुलीच्या मामांना आमचं घर दिसलं. तिसऱ्या खेपेला कल्याणच्या दिनकरराव वकिलांनी होकार दिला, तेव्हा आम्ही नौपाड्यात शेजारीपाजारी पेढे वाटले. त्या वर्षी सिंहस्थ लागणार होता, म्हणजे पुढे वर्षभराहून जास्त काळ लग्नकार्यं बंद. बुधवारनंतर एकच मुहूर्त उरत होता, पण तो मधूच्या पत्रिकेला चालत नव्हता. पनवेलच्या एका स्थळाला तो चालत होता, आणि ते स्थळ दिनकररावांच्या डोक्यातून अजून पुरतं गेलेलं नाही हे आम्हाला ठाऊक होतं. मधु स्वतः काही बोलत नसे. पण पहिल्या ठरलेल्या लग्नासाठी घेतलेली त्याची लाल पगडी दोनदा पेटीत परत गेली होती. रविवारी तो ती हलक्या हाताने पुसत बसलेला मी पाहिला, आणि ती तिसऱ्यांदा पेटीत गेली तर माझ्याने बघवणार नाही असं मला वाटलं.

सोमवारी संध्याकाळी आमचे शेजारी अंताजीपंत नागपूरहून परतले. मुलीच्या बाळंतपणासाठी ते तिकडे गेले होते आणि येताना नाशिकला व्याह्यांकडे चांगले पंधरा दिवस तळ ठोकून आले होते. जाताना मी त्यांच्याजवळ आमच्या दाजीकाकांसाठी लग्नाच्या अक्षता दिल्या होत्या. दाजीकाका म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. वाटण्यांच्या वेळी एका तांब्याच्या घंगाळावरून त्यांचं आणि वडिलांचं बिनसलं. वडिलांनी आंघोळीच्या पाण्याचं ते घंगाळ आपलं म्हटलं, काकांनी ते रातोरात उचललं आणि घंगाळासकट ते नागपूरला निघून गेले. वडील वारले तरी काका आले नाहीत. त्यांना अक्षता पाठवताना माझा हिशेब सरळ होता. लांबचा माणूस, यायचा नाही, पण बोलावल्याशिवाय बरं दिसत नाही.

अंताजीपंत ओसरीवर टेकले, पाणी प्यायले आणि म्हणाले की तुमचे दाजीकाका गेले. मी विचारलं, कुठे गेले. त्यावर त्यांनी फक्त वर पाहिलं. ते अक्षता घेऊन काकांच्या गल्लीच्या तोंडाशी पोचले तर दारात ताटी बांधायचं काम चाललेलं. मंगल अक्षता घेऊन प्रेताच्या दारात कसं जायचं, म्हणून ते तसेच मागे फिरले. कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे अक्षता ठेवल्या आणि सुतक फिटलं की आत पोचत्या कर असं त्याला बजावलं. इतका विचारी माणूस आपला शेजारी आहे याचा एरवी मला अभिमान वाटला असता.

आत बायका हळकुंडं कुटत गाणी म्हणत होत्या, त्यामुळे ही बातमी घरात मी एकट्यानेच ऐकली. हे मुद्दाम सांगतो, कारण सुतक ज्याने ऐकलं त्याला लागतं. आमचं कुटुंब दाराशी आलं आणि माझा चेहरा पाहून काय झालं म्हणून विचारू लागलं. मी तोंड उघडणार तोच तिने दोन्ही कानांवर हात ठेवले आणि म्हणाली, "जे काय असेल ते लग्नानंतर सांगा. मला नि मधूभावजींना आज काही ऐकायचं नाही." मग तिने माझ्यासाठी ओसरीच्या कोपऱ्यात, वहाणा काढतात तिथे, एक घोंगडी टाकली आणि लांबूनच ताट सरकवलं. भावाच्या लग्नघरात कर्ता पुरुष वहाणांशेजारी बसून भात जेवला.

आमचे उपाध्ये बाबदेवभट आले ते पोथी घेऊनच आले. त्यांनी मला लांब बसवून शास्त्र समजावलं. भाऊबंद वारला आणि दहा दिवस उलटून गेल्यावर कळलं, तर ऐकणाऱ्याला तीन रात्री सुतक. म्हणजे बुधवार बुडाला. मला वगळून लग्न लावावं तर मधूला दुसरा वडीलधारा नाही, आणि भटजींनाही आता सगळं कळून चुकलेलं. मी हवालदिल झालेला पाहून त्यांनी पान उलटलं. मृत्यू देशांतरात झाला असेल तर मात्र नुसत्या स्नानाने माणूस शुद्ध होतो. देशांतर म्हणजे किती, तर एका मताने साठ योजने. मी पाटीवर आकडा मांडला. चार कोसांचं योजन, दोन मैलांचा कोस, म्हणजे चारशे ऐंशी मैल. भटजी म्हणाले, "मास्तर, भूगोल तुमचा. तुम्हीच सांगा, नागपूर चारशे ऐंशीच्या अलीकडे की पलीकडे?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी शाळेत गेलो. आमच्या वर्गात मुंबई इलाख्याचा मोठा नकाशा आहे. त्यावर मी बारा वर्षं शिकवतो आहे, पण नागपूर मध्यप्रांतात असल्यामुळे ते आमच्या नकाशात नाही, हे त्या दिवशी प्रथमच माझ्या ध्यानात आलं. जिथे ते असायला हवं तिथे नकाशा गुंडाळायचा रूळ होता. हेडमास्तरांच्या खोलीत सबंध हिंदुस्थानचा नकाशा होता, पण त्याला हात लावायला परवानगी लागते आणि ती त्यांनी कारण विचारून दिली. सुतक म्हटल्यावर ते झटकन खुर्ची मागे सरकवून म्हणाले की दोरा तुम्ही लावा, मी इथूनच बघतो. दोरा लावला, मापपट्टीवर धरला, आणि नागपूर चारशेच्या थोडं पुढे भरलं. पुन्हा दोरा थोडा ढिला सोडून मोजलं. हेडमास्तर म्हणाले, मास्तर, दोरा ताणून धरायचा असतो.

शाळेतून बाहेर पडलो तेव्हा माझं तोंड पाहण्यासारखं झालं असावं. आळीत बातमी फिरली होती आणि सल्ल्यांना तोटा नव्हता. एकाने सांगितलं, दोरा सोडा, माणूस काय दोऱ्यावरून चालतो, रेल्वेने मोजा. हे मात्र पटलं. मी तडक स्टेशनात गेलो. तिकिटाच्या खिडकीतल्या बाबूने अंतराचा तक्ता पाहिला. त्यातलं अंतर बोरीबंदरपासूनचं होतं, त्यातून ठाण्यापर्यंतचे मैल वजा केले. पाचशेला एक कमी. मी तिथल्या तिथे त्याला नमस्कार केला. हे कागदावर लिहून द्या म्हटल्यावर मात्र तो बिथरला. लेखी हवं असेल तर मुंबईला अर्ज करा, उत्तर महिन्याभरात येईल, आणि नागपूरचं तिकीट काढणार नसाल तर खिडकी मोकळी करा, असं तो म्हणाला. शेजारच्याच खिडकीत तारमास्तर रिकामा बसला होता. तो माझ्याकडे आशेने पाहत होता, पण माझं त्याच्याशी काही काम नव्हतं.

स्टेशनाबाहेर व्हॅलेरियन भेटला. हा कोपरीचा. भातशेती सांभाळून लग्नात बाजा वाजवतो, आणि मधूच्या वरातीसाठी त्याला सुपारी दिलेली होती. दोनदा दिलेली सुपारी फुकट गेल्यामुळे या खेपेला तो लग्न होईपर्यंत आमच्यावर नजर ठेवून होता. मी त्याला पाचशेला एक कमीची आनंदाची बातमी दिली. त्याने विचार केला आणि म्हणाला, "मास्तर, ती तं गारी वाकरीतिकरी जाते. कावला सरल उरतो. कावल्याला इचारा."

माझा निम्मा आनंद तिथेच गळाला. कारण प्रश्न बरोबर होता. शास्त्रात योजनं दिली आहेत, पण ती रुळांवरून मोजायची की कावळ्याच्या वाटेने, हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. रुळांनी गेलं तर मधूचं लग्न होत होतं आणि कावळ्याबरोबर गेलं तर मोडत होतं. मी बाबदेवभटांकडे गेलो, तर ते म्हणाले की आपला पक्ष रेल्वेचा, तो मी लावून धरतो. इतक्यात आळीतून निरोप आला की अंताजीपंत सकाळच्या गाडीने कल्याणला गेले आहेत आणि दिनकरराव वकिलांना बातमी वेळेवर कळावी म्हणून मुद्दाम गेले आहेत. आम्हीही पुढची गाडी धरली.

दिनकररावांच्या माडीवर त्यांचे शास्त्रीबुवा आधीच येऊन बसले होते, आणि अंताजीपंत फराळ करत होते. मला दाराजवळचा वेगळा पाट मिळाला. वकिलांनी माझी उलटतपासणी सुरू केली. रेल्वेचे मैल धरायचे म्हणता, तर कसाऱ्याच्या घाटात इंजिन दुसऱ्या टोकाला लावून गाडी उलट्या दिशेने चढते की नाही? चढते. मग ते उलटे मैल मिळवायचे की वजा करायचे? मी म्हटलं, मिळवायचे, कारण त्या मैलांचंही भाडं पडतं. शास्त्रीबुवा म्हणाले, भाडं हे प्रमाण नव्हे. मी दुसरा मुद्दा काढला. मध्ये मोठा पर्वत असला तरी देशांतर होतं असं पोथीत आहे, आणि सह्याद्री तर मध्ये आहेच. त्यावर वकिलांनी विचारलं, गाडी पर्वतावरून जाते की बोगद्यातून? बोगद्यातून. म्हणजे पर्वत ओलांडला असं कसं म्हणता? मी नद्यांकडे वळलो तर ते पुलांकडे वळले.

शेवटी मी भाषाभेदावर आलो. भाषा बदलली तरी देशांतर होतं, असंही एक मत आहे. मी सांगितलं की नागपूरकडे 'येतो आहे' म्हणत नाहीत, 'येऊन राहिलो' म्हणतात. यावर वकिलांनी शास्त्रीबुवांकडे पाहिलं आणि मला वाटलं की जिंकलं. पण शास्त्रीबुवांनी डोळे मिटून सांगितलं की ही भाषा वेगळी नव्हे, हे बोलायचं वळण वेगळं आहे. आणि मग त्यांनी कडेलोट केला. मैल, डोंगर, नद्या सगळं राहू द्या. खरं देशांतर म्हणजे जिथली वार्ता दहा रात्रींत कानी येत नाही ते. पूर्वी नागपूरची वार्ता यायला महिना लागे, तेव्हा ते देशांतर होतं. आता गाडी दोन दिवसांत येते आणि तार घटकाभरात. सारांश, नागपूर आता शेजारी आहे. सुतक तीन रात्री. माडीवरच्या सगळ्यांनी तारेच्या वेगाबद्दल आश्चर्य व्यक्त केलं. मीही केलं.

दिनकरराव वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला जिन्यापर्यंत पोचवलं आणि खालच्या आवाजात सांगितलं की मास्तर, माझाही नाइलाज आहे, पनवेलकरांना उद्या सकाळी निरोप धाडावा लागेल. मी जिना उतरलो. माझ्या डोळ्यांपुढे ती लाल पगडी होती.

परतीला नागपूरहून येणारीच गाडी मिळाली. बाबदेवभट बसल्याबरोबर झोपले. माझ्यासमोर एक म्हातारे गृहस्थ चौघडीत गुंडाळलेलं काहीतरी अवजड मांडीवर घेऊन बसले होते आणि त्याची कड माझ्या गुडघ्यांना लागत होती. मी दोनदा पाय काढला, तिसऱ्यांदा कुरकुर केली. त्यांनी ओझं अंगाशी ओढून घेतलं आणि विचारलं की बरं नाही का. कोणीतरी विचारावं याचीच मी वाट पाहत असलो पाहिजे. मी त्यांना सगळं सांगितलं. दोरा, तक्ता, कावळा, बोगदा, सगळं. आणि शेवटी म्हटलं की माणसाने मरायला हरकत नाही, पण मरायचं तर धड लांब तरी मरावं.

"कोण वारलं म्हणून राहिले तुम्ही?" म्हाताऱ्याने विचारलं.

"आमचे चुलतकाका. नागपूरला असत."

"कसे होते?"

हट्टी होते, मी म्हणालो. एका घंगाळासाठी घर सोडून गेले. मग जरा वेळाने, का कोण जाणे, मी सांगितलं की लहानपणी मला मासुंद्याच्या तळ्यात पोहायला त्यांनीच शिकवलं. पोटाखाली हात धरत, आणि धरतो म्हणून सांगून मध्येच काढून घेत. मी बुडतो आहे म्हणून ओरडायचो आणि ते काठावर हसत उभे असायचे. हे बोलताना मला एकदम उमगलं की कालपासून मी नागपूरचे मैल मोजतो आहे, पण दाजीकाका गेले याचं वाईट मला आत्ता वाटतं आहे.  मी तोंड खिडकीकडे वळवलं.

 म्हाताऱ्याने चौघडीची गाठ सोडली, तिच्यातलं फडकं ओढून काढलं आणि डोळे पुसायला मला दिलं. फडकं निघालं तशी आतल्या तांब्याच्या भांड्याची कड उघडी पडली. आमच्याकडे कुठल्याही भांड्यावर मालकाचं नाव घालतात, नाहीतर ते लग्नामुंजीत हरवतं. कडेवर ठोक्याठोक्यांनी लिहिलं होतं, रघुनाथ बल्लाळ. ते माझ्या वडिलांचं नाव.

मी नाव वाचलं, मग माणूस पाहिला. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, पण हसू तळ्याच्या काठावरचंच होतं.

"अरे विसू, तळमजल्यावरचा बिऱ्हाडकरू गेला तो," दाजीकाका म्हणाले. "मी त्याच्याच मयतीला गेलो होतो. परतलो तर पानवाल्याने अक्षता दिल्या."

मी त्यांना मिठी मारली, घंगाळासकट. बाबदेवभट दचकून जागे झाले आणि सुतकातला मी परक्या माणसाला शिवलो म्हणून मला रागावू लागले. सुतक कोणाचं ते कळल्यावर त्यांनी काकांना हात लावून खात्री करून घेतली. मेल्याची आवई उठली की आयुष्य वाढतं, असं म्हणून त्यांनी काकांना नमस्कार केला. अंताजीपंतांबद्दल ते जे बोलले ते पोथीतलं नव्हतं.

ठाण्याला उतरलो तो मी थेट तारमास्तराच्या खिडकीशी गेलो. तो अजून रिकामाच होता. दिनकररावांना तार केली, काका जिवंत, येतो. दिवे लागायच्या आत उत्तर आलं, काकांना घेऊन या. वकील माणूस, पुरावा पाहिल्याशिवाय हलायचा नाही. घरी आल्यावर आमच्या कुटुंबाने कानांवरचे हात काढले, सगळी हकिगत ऐकली, काकांच्या पाया पडली आणि मला इतकंच म्हणाली, "दोन दिवस नागपूर किती लांब म्हणून विचारत हिंडलात. काका आहेत का, एवढं तारेने विचारावं असं कोणालाच सुचलं नाही?" मी तिला समजावू लागलो की प्रश्न देशांतराचा होता. ती स्वयंपाकघरात निघून गेली.

बुधवारी व्हॅलेरियनचा बाजा पुढे, मधूची लाल पगडी मध्ये आणि दाजीकाका पगडीच्या शेजारी, असे आम्ही कल्याणला पोचलो. दिनकररावांनी काकांना दोन प्रश्न विचारले, शास्त्रीबुवांनी एक विचारला, आणि मुहूर्त साधला. अंतरपाट दूर झाला तेव्हा मधूने पगडीला एकदा हात लावून पाहिला. ती जागेवर होती. मी इतका हलका झालो होतो की अंताजीपंतांना जिलबीचा आग्रहसुद्धा केला, आणि त्यांनी तो मोडला नाही.

लग्नानंतर काका आमच्याकडे राहिले. पहिल्याच सकाळी त्यांनी घंगाळ मागच्या अंगणात मांडलं. चुलीवरचं पाणी मी आणून ओतत होतो आणि ते दगडावर बसून अंग चोळत होते. हे घंगाळ रघूचंच, मला तेव्हाही माहीत होतं, असं ते घंगाळाकडे पाहत म्हणाले. रघूने एकदा अक्षता पाठवल्या असत्या तर मी तेव्हाच आणून दिलं असतं, असंही म्हणाले. अक्षता मी कोणत्या हिशेबाने पाठवल्या होत्या ते माझ्या ओठांवर आलं होतं, पण मी बादली उचलली.

"तू भूगोलाचा मास्तर ना रे?" काकांनी तोंडावर पाणी मारत विचारलं. "मग सांग पाहू, नागपूर इथून किती लांब आहे?"

"जवळच आहे, काका," मी म्हणालो, आणि विसणाला गार पाणी आणायला आत गेलो.